कागदावर नसलेली माणसं

(कारंजा-आर्वीकडच्या गावांसाठी झालेल्या वनहक्क शिबिरात अभ्यास गटाने मांडलेलं हे भाषण. गटातले चौघे आळीपाळीनं बोलले, इथे सगळ्यांचं एकत्र लिहून काढलं आहे. बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)



सकाळी फळ्यावर आमच्या विषयाचं नाव लिहिलं, "आदिवासींचा अभ्यास आणि संशोधन". तेव्हा मागच्या रांगेतून एक बुवा म्हणाले, "ते कालेजातल्या पोरायचं काम हाय जी. आमाले पट्ट्याचं सांगा." बुवांचं बरोबर आहे. शेतात कापूस वेचायचा सोडून इथे कोणी भाषण ऐकायला आलेलं नाही. म्हणून पट्ट्यापासूनच सुरुवात करतो.

वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. ग्रामसभेनं दावे मागवले की तीन महिन्यांत दावा द्यायचा. दाव्याला पुरावा लागतो. कोणता पुरावा चालतो ते नियम १३ मध्ये लिहिलं आहे, आणि तो नियम आम्ही गटात एकेक ओळ करून चार रात्री वाचला. त्यात सरकारी कागद आहेत: गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, वनखात्याची कागदपत्रं. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आहे. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच नियमात पुढे बघा काय लिहिलं आहे. जुन्या विहिरी, दफनाची जागा, पवित्र ठिकाणं. जुन्या अभिलेखात ज्याचं नाव आहे त्या पूर्वजापासूनची वंशावळ. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं सांगणं, लिहून घेतलेलं. आणि नावाजलेल्या संस्थांनी केलेले संशोधनाचे अभ्यास, चालीरीतींची लेखी नोंद.

म्हणजे देवाचं ठाणं कुठे आहे, आजाच्या आजाला कुठे पुरलं, परधानानं कोणत्या कुळाची कोणती पिढी सांगितली, हे आता तहसिलीत चालतं. इतकी वर्षं ज्याला "अंधश्रद्धा" म्हणून हसत होते तेच कायद्यात पुरावा म्हणून आलं आहे. बुवा, म्हणून संशोधन म्हणतो जी. पट्ट्याचाच विषय आहे.

आता वर्ध्याचं सांगतो. आपला जिल्हा बाहेरच्यांना कशासाठी माहीत आहे? सेवाग्राम आणि पवनार. बसस्टँडवर उतरलेला माणूस बापूकुटी कुठे म्हणून विचारतो, आणि ते चांगलंच आहे. पण ह्या जिल्ह्यात गोंड राहतात, कोलाम राहतात, परधान राहतात, हे किती जणांना माहीत आहे? कागदाला तर बरीच वर्षं माहीत नव्हतं. इंग्रजांच्या काळात रसेल नावाच्या अधिकाऱ्यानं १९०६ मध्ये वर्धा जिल्ह्याचं गॅझेटिअर काढलं, त्यात गोंड आहेत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे १९१६ चे चार जाड खंड आहेत, त्यातही आहेत. मग देश स्वतंत्र झाला, अनुसूचित जमातींची यादी झाली, आणि विदर्भात ती यादी मोजक्या तहसिलींपुरती बांधली गेली: मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. वर्धा नदीच्या पलीकडे राहणारा तुमचा सोयरा आदिवासी, आणि अलीकडे राहणारे तुम्ही कोणीच नाही! नदी ओलांडून मुलगी इकडे दिली की तिची जमात गेली. ह्याला क्षेत्रबंधन म्हणत. ते उठलं १९७६ च्या कायद्यानं. तोवर जनगणनेत जमातीच्या रकान्यात आपल्याला जागाच नव्हती. अनुसूचित क्षेत्रात तर वर्धा जिल्हा आजही नाही, म्हणून १९९६ चा पेसा कायदा आपल्याला लागू नाही. वनहक्क कायद्याला मात्र अनुसूचित क्षेत्राची अट नाही. म्हणून ही संधी आपल्याला गडचिरोलीवाल्यांपेक्षाही जास्त जपून वापरावी लागेल. त्यांच्याकडे दुसरे दरवाजे आहेत, आपल्याकडे हाच आहे.

ह्या क्षेत्रबंधनाचा घाव कसा बसला त्याची एक गोष्ट आमच्या गटातल्याच एका घरची आहे. आजाची सात एकर जमीन १९६० च्या सुमारास बैलजोडीच्या कर्जात गेली. कागदावर विक्री, तोंडी "पैसे आणून दे, परत घे". परत कसली मिळते! पुढे १९७४ मध्ये राज्य सरकारनं कायदा केला की १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेल्या जमिनी परत द्यायच्या. आजानं अर्ज केला. कार्यालयातल्या बाबूनं सांगितलं, "व्यवहार झाला तेव्हा तुम्ही यादीत नव्हता. हा कायदा तुमच्यासाठी नाही." आजा परत आला आणि पुन्हा गेला नाही. त्याला ते पटलं होतं, हे सगळ्यात वाईट. कागद म्हणतो तू आदिवासी नाहीस, तर नसशील.

पुढे घरातला एक पोरगा बारावीला गेला, त्यानं तालुक्याच्या ग्रंथालयात जमीन महसूल संहिता काढली. कलम ३६ च्या खाली बारीक अक्षरात एक स्पष्टीकरण आहे, १९७४ मध्येच घातलेलं. त्याचा अर्थ असा: जमात यादीत आहे, पण माणूस यादीतल्या तहसिलीबाहेर राहतो, तरी ह्या कलमांपुरता त्याला अनुसूचित जमातीचाच धरायचं, कारण त्यालाही संरक्षणाची गरज आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना वर्ध्याचा गोंड माहीत होता, बाबूला माहीत नव्हता, आणि आजाला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. प्रकरण पुन्हा उघडलं. सहा वर्षं तारखा झाल्या. साडेचार एकर आलं, विहिरीचा तुकडा तिकडेच राहिला. सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्नाच्या खटल्यात हा परतीचा कायदा उचलून धरला, त्याचाही आधार झाला. आम्ही संशोधन म्हणतो ते ह्यालाच. कोणीतरी बारीक अक्षर वाचलं पाहिजे, आणि तो आपल्यातला असला पाहिजे.

कोणी म्हणेल, आपल्यावर अभ्यास काही कमी झालाय का? झालाय की. स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी नागपूरला होते. त्यांनी परधानाकडून लिंगोची कथा ऐकून लिहून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं खोदून पाहिली, आणि परत येताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. आपण नागपूरला जाताना बुटीबोरीवरून जातो, तोच भाग. त्यांचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापले. त्या पुस्तकामुळे लिंगोची कथा जगाला कळली, हे खरं. त्यांचे उपकार मानू. पण पुस्तकावर नाव हिस्लॉपचं आणि टेंपलचं. ज्याच्या गळ्यातून ती कथा निघाली त्या परधानाचं नाव त्यावर नाही.

आणि आपणही काय केलं? परधानाला "मागणारा" म्हटलं. दारात आला तर पसाभर ज्वारी दिली आणि कधी एकदा जातो असं झालं. त्याच्या पोरांना लाज वाटली, त्यांनी किंगरी खुंटीला टांगली, शाळा शिकले, नोकरीला गेले. चांगलं झालं, शिकलेच पाहिजेत. पण कुळाच्या सात-सात पिढ्या ज्याच्या तोंडी होत्या, तो आपला रेकॉर्डकीपर होता हे आपल्याला कळलं नाही. आज वंशावळ लागते म्हणून त्याचं घर शोधत फिरतो आहोत. हा दोष इंग्रजांचा नाही.

आता नदीपलीकडची एक मोठी गोष्ट. हिंगणघाटवरून पांढरकवड्याला गेलं आणि पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी तिकडे आहेत. तेव्हा तो निजामाचा मुलूख. वनखात्यानं गावं उठवली, पट्टे बाहेरच्यांना गेले, आणि कुमराम भीमू उभा राहिला. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे गोंड का उठले. म्हणून फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. क्रम लक्षात ठेवा. आधी भीमू मेला, मग अभ्यासक आला. अभ्यास आपणहून चालत येत नाही.

पण आलेला माणूस प्रामाणिक होता. मार्लवाईला गोंडांच्या गावात राहिला, गोंडी शिकला, कोणाची जमीन कशी गेली ते गावागावात लिहिलं. त्या अहवालांवरून पट्टे वाटले गेले: सुमारे १ लाख ६० हजार एकर, अकरा हजारांवर कुटुंबांना. मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघालं, गोंडी भाषेची पुस्तकं नागरी लिपीत छापली. सेतुमाधवराव पगडी, ज्यांना मराठी वाचक शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतात, तेही तिथे अधिकारी होते. ते गोंडी शिकले आणि गोंडीचं व्याकरण लिहिलं. अभ्यासानं जमीन मिळते, भाषा वर येते, ह्याचा एवढा मोठा दाखला आम्हाला दुसरा सापडला नाही.

पुढचंही सांगितलं पाहिजे. तीस-पस्तीस वर्षांनी हायमेनडॉर्फ परत त्याच गावांत हिंडला, आणि १९८२ च्या पुस्तकात त्यानं लिहिलं की मिळालेल्या जमिनी पुन्हा बाहेरून आलेल्यांच्या हातात चालल्या आहेत. आमच्या गटात ह्यावर रात्रभर भांडण झालं. एकाचं म्हणणं, राज्य बदललं, अधिकारी बदलले, म्हणून गेल्या. दुसरी म्हणाली, "कागद सायबाच्या पेटीत व्हते. साहेब गेला, पेटी गेली." आम्हाला तिचं जास्त पटतं. अभ्यास खरा होता, पण तो वरून आला होता आणि वरच राहिला. गावाला पट्टा मिळाला, पट्टा कसा मिळाला ते ज्ञान मिळालं नाही.

उलट काचारगड पाहा. गोंदियाकडे सालेकसा तालुक्यात डोंगरातली गुहा आहे. तिथल्या लोकांना ती माहीतच होती. पण लिंगोच्या कथेतली जागा हीच, असं १९८० च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी जुनी गाणी, जुनी पुस्तकं आणि प्रत्यक्ष डोंगर जुळवून मांडलं. कंगालीदादा रामटेककडचे, रिझर्व्ह बँकेत नोकरी करून हा उद्योग करत. पहिल्यांदा बोटावर मोजण्याइतके लोक गेले. आज माघ पौर्णिमेला तिथे किती गर्दी असते ते तुमच्यातले जाऊन आलेले सांगतील. आपल्या आईबापांना "आम्ही गोंड" हे हळू आवाजात सांगायची सवय होती, आणि आपली पोरं पिवळा गमछा बांधून गाडीच्या टपावर बसून जातात. टपावर बसू नये, ते वेगळं. पण ही ताठ मान एका अभ्यासातून आली, आणि तो करणारे आपलेच होते.

एवढं सांगून आम्हीच एक कडू गोष्ट बोलतो. स्वतःबद्दल लिहिताना फुगवून लिहायचा मोह होतो. आमच्यातल्या एका मुलानं दाव्याच्या मसुद्यात लिहिलं, "आम्ही हजारो वर्षांपासून ह्याच शेतात कसत आहोत." ऐकायला छान. पण त्याच घरची म्हातारी म्हणते की तिचा सासरा बोर धरणाच्या कामाच्या वेळी इकडे आला. समोरचा अधिकारी म्हातारीला विचारील आणि एका ओळीपायी सगळा दावा पाडील. कायदा जमातीच्या माणसाकडून काय मागतो? १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा. मग खरं तेवढंच लिहा. खरंच पुरेसं आहे.

आता आम्ही काय केलं ते. उन्हाळ्यापासून तीन गावं फिरलो. पहिल्या गावात गेल्यावर विचारलं, पुरावा आहे का? "नाई जी, काहीच नाई." सगळ्याच घरी हेच उत्तर. मग एका मायनं लाकडी पेटीतून उदबत्तीच्या पुड्यात ठेवलेल्या चिठ्ठ्या काढल्या. "हे कायचं हाय पाहा बरं, माह्या मालकानं जपून ठेवलं व्हतं." वनखात्याच्या दंडाच्या पावत्या! नांगरट केली म्हणून दंड, काटेरी कुंपण केलं म्हणून दंड, बैल सोडले म्हणून दंड. सगळ्यात जुनी १९८१ ची. ज्या कागदानं माणसाला चोर ठरवलं, त्याच कागदावर सरकारच्या शिक्क्यानिशी लिहिलं आहे की हा माणूस १९८१ मध्ये ह्या जागी नांगर धरत होता. त्या दिवसापासून आम्ही "पुरावा आहे का" असं विचारायचं सोडलं. "गार्डानं कधी पकडलं व्हतं का?" असं विचारतो. मग प्रत्येक घरातून काहीतरी निघतं.

दुसऱ्या गावात सीमा लिहायची होती. पुरुष मंडळी चावडीवर बसून नकाशावर वाद घालत राहिली, कोणाचंच कोणाशी जुळेना. शेवटी बायका म्हणाल्या, चला दाखवतो. मोहफुलाची झाडं कोणाची कोणती, तेंदूपत्त्याला कुठपर्यंत जायचं, शेजारच्या गावच्या बायका कोणत्या नाल्यापाशी थांबतात, सरपणाला उन्हाळ्यात कोणती वाट आणि पावसाळ्यात कोणती, सगळं पाय ठेवून दाखवलं. दीड दिवस लागला. त्या वाटेत रोपवनाच्या आत एक बुजलेली विहीर निघाली, बाजूला उभे केलेले मृतांचे दगड. एका आजीनं एकेका दगडाला हात लावून नावं सांगितली. सहा सांगितली, सातवं आठवलं नाही. ती तिथेच बसून राहिली, कोणी घाई केली नाही. वहीत सातव्यासमोर जागा कोरी ठेवली आहे.

कायद्यात सामूहिक हक्कही आहेत हे विसरू नका. नुसतं माझं दोन एकर, तुझं तीन एकर करून थांबलो तर चराई, तळं, मोह, देवठाणं सगळं सुटून जाईल. जंगल राखायचा आणि सांभाळायचा हक्क ग्रामसभेचा आहे. त्यासाठी जुने निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढा. मालगुजारी गेल्यावर गावोगावच्या निस्ताराच्या नोंदी झाल्या होत्या: कोणत्या गट नंबरात ढोरं चारायची, कुठलं लाकूड आणायचं. झुडपी जंगलाच्या तुकड्यांवर तर बहुतेक गावांचा निस्तार आहेच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी निस्ताराच्या नोंदीच आधाराला घेतल्या. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याकडून शिकायचं ते मोर्चा कसा काढायचा हे नाही. ते आधी अभ्यास गट बसवत, ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत, आणि बाहेरच्या अभ्यासकालाही गावासोबत बसून शिकायला लावत.

तोंडी सांगण्याला कोर्ट विचारतं का, अशी शंका काल एकानं काढली. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये प्रदीप प्रभू यांच्या खटल्यात, महाराष्ट्रातल्याच जंगल जमिनींच्या बाबतीत, कागद नसलेल्यांचा दुसरा पुरावाही पाहायला सांगितलं. पार कॅनडातही हेच झालं. गित्क्सान आणि वेत्सुवेतेन लोकांनी जमिनीच्या खटल्यात आपल्या कुळांच्या कथा आणि गाणी कोर्टापुढे ठेवली. खालच्या कोर्टानं ती मोजली नाहीत. डिसेंबर १९९७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तोंडी इतिहासालाही पुराव्याचं वजन द्यावं लागेल. त्यांची आजी आणि आपली आजी एकच काम करत होत्या.

आमच्या गटानं काही गोष्टी पाळायच्या ठरवल्या, तुम्हाला पटल्या तर ग्रामसभेत ठराव करा. म्हाताऱ्या माणसाचं सांगणं लिहिलं की त्यांना वाचून दाखवायचं, गोंडीत सांगितलं असेल तर गोंडीत, मगच अंगठा. एक प्रत गावात राहील. पेनठाण्याची जागा पुराव्यासाठी लिहायची, आतलं पूजेचं लिहायचं नाही. भुमका सांगेल तेवढंच. जडीबुटीची नावं कोणाला अशीच देऊ नका. वनहक्क कायद्यानं पारंपरिक ज्ञानावरचा गावाचा हक्कही मान्य केला आहे. आणि विद्यापीठातला कोणी प्रबंधासाठी आला तर हाकलू नका. चहा पाजा, ग्रामसभेपुढे बसवा, काय शोधतोस विचारा, आणि लिहिलेलं परत आणून वाचून दाखवशील का ते विचारा. नियमाला नावाजलेल्या संस्थेचा अभ्यास लागतो, तो त्याच्याकडून होईल. आपली पोरंही प्रबंध लिहितील, तोवर दोघांचं काम दोघांनी करायचं.

"एवढं लिहित बसाल तर मोर्चा कधी काढाल?" असं संघटनेतले जुने साथी आम्हाला विचारतात. विचारू द्या. मोर्चाला आम्ही येतोच, आणि निवेदन लिहायला आम्हालाच बसवतात.

तिसरं गाव अर्धं झालं आहे. तिथल्या परधानाचा मुलगा पुलगावला नोकरीला आहे. त्याच्या वडिलांना अजून चार कुळं पाठ आहेत, पण त्यांना ऐकू कमी येतं आणि ते संध्याकाळीच बोलतात. त्यांच्याकडे बसायला गोंडी समजणारी दोन माणसं हवी आहेत, एक बाई असली तर बरं. नावं आज जेवणानंतर द्या. ज्या गावांनी अजून समिती निवडली नाही त्यांनी दहा ते पंधरा नावं काढा. त्यात दोन तृतीयांश जमातीचे आणि एक तृतीयांश बाया लागतात. उपविभागीय समितीकडे जंगलाचा आणि महसुलाचा नकाशा आणि मतदार यादी लेखी मागा. ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पोच घेतल्याशिवाय उठू नका. पुढच्या बैठकीला येताना दंडाच्या पावत्या घेऊन या. त्या प्लास्टिकच्या पिशवीत आणा जी. उदबत्तीच्या पुड्याला वाळवी लागते, दोन घरी तसं झालं आहे.